वेपन फिटरला पत्र

प्रिय बापू,

दिवाळीपासून तुझे फोन उचलले नाहीत, शिव्या घालून झाल्या असतील. तब्येत ठीक, साखर आटोक्यात.

पुतण्याने मोबाइलवर फोटो दाखवला. सोमालियाच्या उत्तरेतलं हर्गेसा शहर, भर चौकात चौथऱ्यावर मिग-१७, खाली युद्धाची चित्रं. हवाई दलात आपण सांभाळलेल्या मिग-२१चा थोरला भाऊच तो! मी कौतुकाने बघत बसलो आणि मग पुतण्याने खालची माहिती वाचली.

१९८८ साली सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या हवाई दलाने हे शहर बॉम्ब टाकून जमीनदोस्त केलं. शहर त्यांच्याच देशातलं. आणि विमानं उडत होती कुठून, तर हर्गेसाच्याच विमानतळावरून! उड्डाण, बॉम्ब, लँडिंग, सगळं एकाच गावात. धूर डांबरावरून दिसतच असणार रे. विमान परत आलं की इंधन भरा, बॉम्ब टांगा, फॉर्मवर सही करा.

एक पायलट म्हणाला, मी टाकणार नाही, आणि मिग घेऊन थेट जिबूतीला गेला. पायलटला पळायला विमान तरी असतं. खालच्या फिटरने काय करायचं? त्याचं नाव कुठेच नाही.

सुमन म्हणते, सोमालियाचं टेन्शन नंतर घ्या, आधी गिरणीतून दळण आणा.

तसं ते दल आधीच खिळखिळं झालं होतं. १९७७ला इथिओपियाशी झालेल्या ओगादेनच्या लढाईत रशिया इथिओपियाकडे झुकला, सोमालियाने रशियन सल्लागारांना हाकललं, सुटे भाग बंद. मग चिनी एफ-६, जुनी हंटर विमानं, जे मिळेल ते. सोव्हिएत युनियन मोडल्यावर आपली एकेका सीलसाठी काय तारांबळ उडाली, आठवतंय ना? तू तेव्हा स्टोअरवाल्याला जिलेबी खिलवून भाग काढायचास, लाचखोर! जानेवारी १९९१मध्ये बारे मोगादिशूतून पळाला आणि उरलीसुरली विमानं उभ्या जागी सडली. सरकार पडलं म्हणून हवाई दल संपलं, असं लिहितात. मला नाही पटत. ते हर्गेसालाच संपलं होतं.

तेजपूरला तू म्हणाला होतास, "सही झाली की आपलं काम संपलं, वरचं पायलट जाणे." त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. मी इंजिनवाला, मला बोलणं सोपं. बॉम्ब तू टांगायचास. म्हणून तुलाच विचारतो: गाव आपलं असतं, तर? फोनवर नको, लिहून कळव. फोनवर तू विषय बदलतोस.

नातीचं बारसं झालं म्हणे, नाव काय ठेवलंत? पेन्शनच्या थकबाकीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

तुझा,
शरद