झोपेची वही शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तालुक्यांत फिरणारे आम्ही परिचारिका आणि समाजसेवक हे पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुम्ही शिकवलेलं लातूर-बीडकडच्या इतर घरांच्याही कामी यावं म्हणून.

स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि संशय होणाऱ्या मानसिक आजाराच्या माणसाला झोप नाही म्हटलं की आमच्याकडे एकच उत्तर असायचं: डॉक्टरांना सांगून गोळी वाढवा. झोपेवर वेगळा उपचार होतो आणि तोही बोलून, हे तुम्ही पटवलंत. ऑक्सफर्डच्या २०१५ च्या चाचणीत भास किंवा संशय हटत नसलेले ५० जण होते. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत १२ आठवड्यांत ८ बैठका दिल्या आणि त्यांची झोप चांगलीच सुधारली. भास-संशयावर काय फरक पडला ते मात्र स्पष्ट झालं नाही, हेही तुम्ही झाकलं नाहीत. म्हणून घरच्यांना आम्ही शब्द देतो तो झोपेचा, आजार जाण्याचा नाही.

सगळ्यात जास्त आभार वहीबद्दल. पाठ कधी टेकली, डोळा कधी लागला, जाग किती वेळा आली, उठले कधी, हे चार रकाने सकाळी, अंदाजाने भरायचे. रात्री घड्याळ बघायचं नाही. बघितलं की झोप उडालीच. सलग सात दिवस एकच आकडा आणि एकाच पेनाची शाई दिसली, की वही आदल्या संध्याकाळी एका बैठकीत भरलेली असते. तरी रागवायचं नाही, पुन्हा आठवडाभर भरायला सांगायचं.

मग हिशोब. बाजेवर दहा तास, झोप सहा तास, म्हणजे ६० टक्के. एरवीच्या निद्रानाशात अंथरुणातला वेळ एकदम सहा तासांवर आणतात. इथे तसं करू नका, हे तुम्ही तीनदा बजावलंत, कारण झोप तुटली की आजार उसळू शकतो. आठवड्याला अर्धाच तास कापायचा, तोही निजायची वेळ पुढे ढकलून. उठायची वेळ रोज तीच. सहा तासांच्या खाली जायचं नाही. ८५ टक्क्यांच्या वर गेलं की पंधरा मिनिटं परत द्यायची. पूर्वी कधी उन्मादाचा (अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणं) झटका आलेला असेल तर कापायचंच नाही, फक्त उठायची वेळ बांधायची.

‘झोप येईना तर दुसऱ्या खोलीत जा’ हे पुस्तकातलं वाक्य एका खोलीच्या घरात चालत नाही. अंधारात ओट्यावर जायचीही संशय असलेल्या माणसाला भीती वाटते. बाजेवरून उठून भिंतीला टेकून सतरंजीवर बसायचं, हा तुमचा तोडगा चालला. ज्यांना शांततेत भासाचे आवाज जास्त ऐकू येतात, त्यांच्यासाठी बारीक आवाजात रेडिओ. दिवसा मात्र बाज उभी करून ठेवायची. लोक आवाजांपासून लपायला तिथेच पडून राहतात आणि रात्रीची झोप दुपारीच खर्ची पडते.

फसतं कुठे, तेही सांगितलंत. चार रात्री बरी झोप लागली की घरचे गोळी बंद करतात. सगळ्यात मोठा घोटाळा हाच. पायांना चैन नाही, एका जागी बसवत नाही, ही तक्रार झोपेची नसून औषधाची असू शकते. वजन वाढून घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं सुरू झालं, तर आधी डॉक्टर. संध्याकाळचा चहा तोडायला सांगतो, पण क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्यांचा एकदम नाही: चहा आणि बिडी एकाएकी वाढली-घटली की रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतं.

एक बदल आम्ही केलाय. शेतीची लाईट एक आठवडा रात्रीची आली की घरातलं कुणीतरी पाणी द्यायला उठतं, मोटारसायकल चालू होते आणि सगळं घर जागं. म्हणून पाचवा रकाना वाढवला: ‘लाईट दिवसाची की रात्रीची’. तो रकाना बघूनच मग अर्धा तास कापायचा की थांबायचं ते ठरवतो. वहीची नवी प्रत सोबत आहे, चुकलं असेल तिथे खुणा करून पाठवा.

आपले,
पथकातील सर्वजण