घरातला औषधांचा डबा कोण मोजतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नशेच्या गोळ्यांवरची कालची बातमी वाचली. छापा, जप्त केलेला माल, पोलीस, मेडिकलवाले, सगळं आलं. घर मात्र कुठेच नाही.

मालेगावात जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम आमच्याकडे देवघराखालच्या स्टीलच्या डब्यात होती. सासऱ्यांना झोपेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली, रात्री एक. महिना भरायच्या आत गोळ्या संपतात, असं ते दोन-तीनदा म्हणाले. “अण्णा, तुम्हीच विसरून दोनदा घेत असाल,” असं मी चिडून बोलले. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या एक तारखेपासून गोळी घेतली की कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघ ओढू लागले. अठरा तारखेला त्यांनी मला कॅलेंडर आणि डबा दोन्ही दाखवलं. रेघा १८. तीसपैकी १२ गोळ्या उरायला हव्या होत्या, उरल्या होत्या ४.

बाकीच्या माझ्या बारावीतल्या मुलाने घेतल्या होत्या. परीक्षेचं टेन्शन, झोप लागत नाही म्हणून एक, मग रोजच. मी अण्णांची माफी मागितली. ते “असू दे” म्हणाले, पण मला ते अजून सलतं.

डबा लपवून विषय संपला नाही. रोज घेणाऱ्याने ही गोळी एकदम बंद केली तर फिटचे झटके येऊ शकतात, हे डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. त्यांनी ती हळूहळू कमी करत सोडवली. आता डबा माझ्या कपाटात कुलपात असतो आणि रात्री एक गोळी मी अण्णांच्या हातावर ठेवते.

दुकानदारालाही विचारायचंय. हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीतलं. २०१४ पासून त्याच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, ती तीन वर्षं जपावी लागते. मग अण्णांची जुनीच चिठ्ठी दाखवणाऱ्या माझ्या सतरा वर्षांच्या पोराला आमच्या कोपऱ्यावर स्ट्रिप मिळतेच कशी?

आणि तुम्हालाही. गोळीचं नाव, टोपणनाव आणि काळ्या बाजारातला भाव तुम्ही चौकटीत छापलात. पोरांनाही पेपर वाचता येतो. त्या चौकटीत व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर मावला नसता का?

आपली,
एक वाचक, नाशिक