दोन गिटारींची मैफल

महोदय,

साठी उलटल्यावर ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचे संगीत प्रथमच ऐकण्याचा योग आला आणि मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या मैफलींनी मला अक्षरशः भारावून टाकले. १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे जमलेल्या या सहा जणांमध्ये ड्रमवादक दोन होते. परंतु खरे वैभव ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारींचे. दोघे कधी एकच धून वेगवेगळ्या स्वरांवरून जोडीने वाजवतात, तर कधी एकजण मागे सरून दुसऱ्याला मोकळी वाट देतो, आणि त्यामुळे ‘व्हिपिंग पोस्ट’ हे मूळचे सुमारे ५ मिनिटांचे गाणे येथे २३ मिनिटांपर्यंत फुलत जाते, तरी कोठेही रेंगाळत नाही. जुगलबंदी ऐकत वाढलेल्या कानांना ही शिस्त मुळीच परकी वाटणार नाही. (माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझचा ड्युएनवर मोठा प्रभाव होता, हे वादनातच जाणवते.) या मैफलींच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९७१ रोजी, अमेरिकेतील मेकन येथे मोटारसायकल अपघातात ड्युएन गेला, अवघ्या २४व्या वर्षी. आपल्या पुरवणीत या बँडवर, विशेषतः बेट्स यांच्या शब्दविरहित रचनांवर, जाणकाराकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, पुणे