अनुदानावरील कामे आवरायची असतील, तर उघडपणे ठरवून आवरा

माननीय संपादक महोदय,

राज्य शासनाच्या अनुदानावर नगरपरिषदांच्या हद्दीत सुरू असलेली पाणीपुरवठ्याची, भुयारी गटारांची आणि रस्त्यांची कामे निधीअभावी रेंगाळल्याच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. तिजोरीत पैसा कमी असेल तर कामेही कमी करावी लागतील, हे मान्य आहे. परंतु कोणते काम थांबले, कोणी थांबवले आणि किती काळासाठी, हे सांगणारा एक कागदही गावाला मिळू नये, हे मान्य होण्यासारखे नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये दाखवला होता. म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट वर्ष सुरू होण्यापूर्वीच गृहीत धरलेली होती. त्याआधी जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या, त्यांत २५,००० कोटी एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी होते. त्या योजनेविषयी माझी तक्रार नाही. गरीब घरातील स्त्रीच्या खात्यात दरमहा येणाऱ्या दीड हजार रुपयांचे मोल मी जाणतो. पण तीच स्त्री नळाला पाणी येत नाही म्हणून टँकरची वाट पाहत असेल, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखेच होते. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना कात्री लावता येत नाही, थेट लाभाच्या योजनांना लावण्याची राजकीय तयारी नसते. मग उरते ते हप्त्यांनी द्यायचे भांडवली अनुदान. ते रोखण्यासाठी नकाराचा आदेशसुद्धा काढावा लागत नाही, पुढचा हप्ता सोडला नाही की काम आपोआप थांबते.

लहान शहरांना याचा फटका अधिक बसतो, कारण ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नागरी संस्थांसाठी नेमून दिले, तरी त्या विषयांना पुरेल इतका पैसा त्यांच्याकडे कधी आला नाही. जकात गेल्यावर 'क' वर्ग, म्हणजे सर्वांत लहान गटातील, नगरपरिषदेच्या हाती मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळेभाडे एवढेच उत्पन्न राहते, आणि त्यातून कर्मचाऱ्यांचे पगार व पंपांचे वीजबिल भागले तरी पुष्कळ. त्यामुळे नगरोत्थान अभियानातून किंवा वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या योजनेतून अनुदान मंजूर झाले की नगरपरिषद आपला हिस्सा कसाबसा उभा करते, प्रशासकीय मान्यता आणि निविदेनंतर ठेकेदाराला काम सुरू करण्याचा कार्यादेश दिला जातो, नारळ फुटतो, पहिला हप्ता येतो. पुढच्या हप्त्याचे काय झाले, हे मुख्याधिकाऱ्यांनाही सांगता येत नाही.

अर्धवट काम म्हणजे निम्मे काम नव्हे, हे शाखा अभियंता म्हणून केलेल्या नोकरीच्या आधारावर मी सांगू शकतो. उंच टाकी बांधून झाली आणि तिच्यापर्यंत येणारी उर्ध्ववाहिनी राहिली, तर टाकीचा उपयोग शून्य. वितरण वाहिनी जमिनीत टाकली पण दाबचाचणी न घेताच चर बुजवले, तर दोन वर्षांनी पाणी सोडल्यावर गळती कुठे आहे हे शोधण्यासाठी तोच रस्ता पुन्हा उकरावा लागतो. भुयारी गटाराची मुख्य वाहिनी झाली आणि घरजोडण्या राहिल्या, तर सांडपाणी उघड्या नालीतूनच वाहते, आणि न वापरलेल्या चेंबरमध्ये माती साचून पुढे साफसफाईचा वेगळा खर्च निघतो. स्लॅबपूर्वी थांबलेल्या इमारतीतून वर आलेल्या सळया पावसात गंजतात. वाहिनीसाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची तरतूद अंदाजपत्रकात असते, पण ती शेवटच्या टप्प्यात, म्हणून पैसा अडला की सर्वांत आधी तीच राहते आणि गल्लीतल्या लोकांना चिखल आणि धूळ आलटून पालटून सोसावी लागते. एवढे होऊन काम पुन्हा सुरू करायचे ठरले, तर नव्या दरसूचीप्रमाणे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते आणि खर्च वाढतो. म्हणजे बचतीसाठी जे थांबवले, ते शेवटी महागच पडते.

अपुरा पैसा असंख्य कामांवर पातळ पसरल्याने काय होते, याचा सर्वांत मोठा धडा विदर्भातील गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाने दिला आहे. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. सुधारित मान्यतांमधून ती १८ हजार कोटींच्या पुढे गेली. तेथे भूसंपादन आणि पुनर्वसनाचे प्रश्न होते, कामाच्या दर्जाविषयीच्या तक्रारी होत्या, हे खरे. पण दरवर्षीची अपुरी तरतूद हेही त्या विलंबाचे एक कारण होते. नगरपरिषदांच्या कामांचा आकार लहान असला तरी दुखणे तेच आहे. उपलब्ध निधीपेक्षा जास्त रकमेच्या कामांना मान्यता द्यायची, दायित्व, म्हणजे उरलेले देणे, पुढच्या वर्षावर ढकलायचे आणि पुढच्या वर्षी त्या दायित्वावर पुन्हा नवी कामे चढवायची, ही सवय सुबत्तेच्या काळात खपून जाते, टंचाईच्या काळात मात्र एकही काम धड पुरे होऊ देत नाही.

म्हणून माझी शासनाला विनंती आहे की कपात करायचीच असेल तर ती सरसकट टक्केवारीने करू नये. ज्या कामांचे कार्यादेश निघालेले नाहीत, ती स्थगित करावीत आणि तसे लेखी कळवावे. स्वागत कमानी, चौकांचे सुशोभीकरण, सभागृहे आणि उद्याने थांबली तर कोणाचे आरोग्य बिघडत नाही. अर्ध्याहून अधिक झालेली पाणी आणि गटाराची कामे मात्र संपूर्ण निधी देऊन आधी पुरी करावीत. जिथे मोठी योजना आटोपशीर करणे अपरिहार्य असेल, तिथे तिचे तुकडे असे पाडावेत की प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वापरात येईल: एक टाकी, तिची उर्ध्ववाहिनी, तिच्याखालचे वितरण जाळे आणि त्यावरच्या नळजोडण्या पुऱ्या झाल्याशिवाय दुसऱ्या टाकीचा पाया खोदू नये. आणि व्याप्ती कमी करताना दर्जा कमी करू नये. निम्म्या लांबीचा पण पुऱ्या जाडीचा रस्ता पत्करला. पूर्ण लांबीचा पातळ रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडतो, आणि त्याचे पैसे तर आधीच देऊन झालेले असतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय कोणी घ्यायचा. अनेक नगरपरिषदांवर प्रदीर्घ काळ प्रशासक होते. त्या काळात कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे मंत्रालय आणि जिल्हा मुख्यालय यांच्यातच ठरत गेले. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि सदस्य आता सभागृहात बसले आहेत. आपल्या शहरासाठी एवढाच निधी येणार आहे, हे शासनाने त्यांना एकदा स्पष्ट सांगावे आणि कामांचा अग्रक्रम सर्वसाधारण सभेत त्यांनाच ठरवू द्यावा. गावासमोर उभे राहून 'हा रस्ता यंदा होणार नाही, कारण त्या वस्तीचे पाणी आधी द्यायचे आहे' असे सांगणे कठीण आहे. पण लोकप्रतिनिधी याच कामासाठी निवडून दिलेले असतात, आणि कारण समजले तर लोक थांबायलाही तयार असतात.

तोपर्यंत प्रत्येक नगरपरिषदेने निदान एवढे करावे. शासन अनुदानातील प्रत्येक कामाची मंजूर रक्कम, मिळालेले हप्ते, प्रत्यक्ष झालेला खर्च, देणे असलेली देयके आणि कामाची सद्यःस्थिती प्रभागवार लिहून ती यादी कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावावी आणि अर्थसंकल्पाच्या सभेपूर्वी नागरिकांच्या हरकती मागवाव्यात. ही सारी माहिती बांधकाम आणि लेखा विभागांच्या नोंदींत आजही आहे. ती बाहेर आणण्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता, धाराशिव जिल्हा