‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली की बातमीत ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच येतं. चौदा वर्षं मी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक संगणक, सांभाळते आहे. या दोन शब्दांमागे पुष्कळदा ‘डिस्क भरली’ एवढीच गोष्ट असते आणि ती वेळीच टाळता आली असती, हे वाचकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही बहुतेक ठिकाणी खालच्या मोठ्या साठ्यावरची, म्हणजे सगळ्या मशीनच्या सामायिक डिस्कवरची, एक फाइल असते. ‘थिन’ पद्धतीने दिलेली असेल तर मशीनला १०० जीबी दिसतात, पण फाइल लिहिलं जाईल तेवढीच वाढते. त्यामुळे २ टीबीच्या साठ्यावर ३ टीबीचं वाटप सहज होऊन बसतं. सगळ्यांनी आपापली जागा वापरायला घेतली की द्यायची कुठून?

मागच्या वर्षी रात्री साडेअकराला आमच्या डेटाबेसच्या मशीनची डिस्क ९८ टक्क्यांवर गेली. १०० चे २०० जीबी करायला गेले, तर आकड्याची चौकट धूसर, बदलूच देईना. मशीनवर स्नॅपशॉट होता, म्हणजे मागे फिरता यावं म्हणून एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, आणि आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर मशीन चालवतो त्या व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही. आठ महिन्यांपूर्वी अपग्रेडच्या आधी घेतलेला, ‘असू दे, लागला तर’ म्हणून तसाच राहिलेला. स्नॅपशॉट घेतल्यावर पुढचं सगळं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. ती ८८ जीबीची झाली होती. स्नॅपशॉट काढायचा म्हणजे तो डेटा मूळ फाइलमध्ये मिसळायचा, आणि मिसळून होईपर्यंत दोन्ही फाइलींना जागा हवी. साठ्यात उरले होते जेमतेम ४० जीबी. काम अर्ध्यावर असताना तेही संपले. ज्या ज्या मशीनला नवी जागा हवी होती ते जागच्या जागी थांबलं. अशी नऊ मशीन थांबली.

सहकाऱ्यांनी चालू असलेल्या मशीनमधल्या जुन्या फाइली पुसायला घेतल्या. साठ्यात एक जीबीसुद्धा परत आला नाही. आत पुसलेली जागा मोकळी झाली हे खालच्या साठ्याला कळवावं लागतं, लिनक्समध्ये त्यासाठी एफएसट्रिम चालवतात, आणि ते आमच्याकडे कधी लावलेलंच नव्हतं. शेवटी चाचणीची दोन मशीन बंद केली. प्रत्येकाला ३२ जीबी मेमरी दिलेली होती. मेमरी राखून ठेवलेली नसेल तर मशीन चालू असेपर्यंत तेवढ्याच आकाराची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) साठ्यावर पडून असते, मशीन बंद करताच ती जाते. ६४ जीबी मोकळे झाले आणि नऊ मशीन पुन्हा हलली.

स्नॅपशॉट मिसळून झाला आणि पहाटे साडेतीनला डिस्क २०० जीबीची झाली. तरी मशीनच्या आत डिस्कवरची जागा दाखवणारं ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवत होतं. बाहेरून डिस्क मोठी केली तरी आतलं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग), त्यावरचा एलव्हीएम (जागा वाटून देणारा थर) आणि त्यावरची फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवणारी रचना) आपोआप वाढत नाहीत. ग्रोपार्ट, पीव्हीरिसाइज, एलव्हीएक्स्टेंड, एक्सएफएस ग्रोएफएस, या आज्ञा याच क्रमाने द्याव्या लागतात. काम पाच मिनिटांचं, पण हा टप्पा राहिला की ‘वाढवून दिली तरी भरलीच’ अशी तक्रार येते. विंडोजमध्ये तर सी ड्राइव्हच्या लगेच पुढे रिकव्हरी पार्टिशन असलं, तर वाढवण्याचा पर्यायच मिळत नाही. आणि वाढवलेली एक्सएफएस (लिनक्समधली एक फाइल सिस्टीम) नंतर लहान करून मिळेल, यावर कुणी विसंबू नये. म्हणून ‘एकदाच भरपूर देऊन टाका’ हा आग्रह मला पटत नाही. गरजेपुरती द्यावी, लागेल तशी वाढवावी.

स्नॅपशॉटला बॅकअप समजणाऱ्या वरिष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे, तसं समजू नका. मूळ फाइल खराब झाली तर नुसत्या डेल्टा फाइलमधून काहीही परत मिळत नाही. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, अशी व्हीएमवेअरचीच सूचना आहे. त्या रात्रीपासून दर सोमवारी सगळ्या स्नॅपशॉटची यादी मी स्वतः वाचते, आणि साठा ८० टक्के भरला की नव्या मशीनची मागणी थांबवते, मागणारा कुणीही असो.

आपल्या वार्ताहरांनी यापुढे ‘तांत्रिक कारण’ ऐकलं की दोन प्रश्न जरूर विचारावेत: खालच्या साठ्यात किती जागा शिल्लक होती, आणि सर्वांत जुना स्नॅपशॉट कधीचा होता?

आपली विश्वासू,
एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर