रविवारी आठनंतर फोन करू नको बे

सोलापूर
सोमवार, सकाळी

प्रिय पक्या,

काय करलालास बे? काल रात्रीचे तुझे मिसकॉल आत्ता बघितले. खरं सांगायचं तर तेव्हाच बघितले होते, मुद्दाम उचलला नाही. रागावू नको, रविवारी आठ ते साडेनऊ आमच्याकडं फोन बंद, टीव्ही बंद, आणि हा नियम मी नाही आमच्या बाबांनी केलाय, त्यामुळं अपील चालत नाही.

झालंय असं की आम्ही सगळे मिळून अमेरिकेतले जुने रेडिओचे कार्यक्रम ऐकतो. जुने म्हणजे १९३०-४०-५० सालातले. नेटवर फुकटात ढिगानं पडलेत. उन्हानं तापलेली गच्ची संध्याकाळी पाणी मारून थंड करायची (ज्या रविवारी नळाला पाणी येऊन गेलेलं असेल त्या रविवारी, नाहीतर तशीच), चादरी अंथरायच्या, टाकीच्या कट्ट्यावर छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा, आणि खालचे भाडेकरू काका शेंगा भाजून आणतात. ते स्वतः इंग्रजी कार्यक्रमाला येत नाहीत, शेंगांना येतात असं बाबांचं म्हणणं.

तू म्हणशील बाबांना इंग्रजी कधीपासून कळायला लागलं. बाबांचं इंग्रजी म्हणजे 'विथ रेफरन्स टू युवर लेटर', पण त्याच इंग्रजीनं काम केलं बघ. जॉनी डॉलर म्हणून एक विम्याच्या कंपन्यांचा तपासनीस आहे, खून, आग, चोरीचे दागिने असल्या भानगडी शोधायला गावोगाव फिरतो, आणि अख्खी गोष्ट तो कशी सांगतो माहितेय का, खर्चाच्या बिलासारखी! पहिली बाब, विमानाचं भाडं इतकं इतकं. दुसरी बाब, टॅक्सी. मग टॅक्सीतून उतरल्यावर काय झालं ते ऐकायचं, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात काहीतरी हाणतं, आणि मग पुढची बाब डॉक्टरची फी. शेवटी एकूण बेरीज आणि सही. आता आमचे बाबा, सगळी नोकरी अकाउंट्समध्ये, दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची टीए बिलं तपासण्यात गेलेली. पहिल्याच भागाला उठून बसले. खुनी कोण यात त्यांना काडीचा रस नाही. "हॉटेलचं बिल जोडलंय का त्यानं? टॅक्सी कशाला, बस नव्हती का?" असं चाललेलं असतं. एका भागात त्यानं दारू पाजून माहिती काढली आणि तो खर्च 'इतर'मध्ये टाकला, तेव्हा बाबा इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, आमच्या हपिसात असले लई होते.

आता नियम सांगतो, कारण तू सामील व्हायचं म्हणतोयस. एक, पॉज करायचं नाही. कुणाला लघवी लागली, दार वाजलं, गॅसवर दूध आहे, काही असो, चालू राहणार, चुकलं ते चुकलं. रिवाइंड पण नाही. पोरीनं सुरुवातीला कटकट केली पण मला हे पटलंय, कारण ते कार्यक्रम तसेच बनलेत. बरेचसे थेट व्हायचे, रेकॉर्ड करून लावायला तिथली मोठी नेटवर्कं कित्येक वर्षं नाहीच म्हणायची. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या घड्याळात तीन तासांचा फरक, त्यामुळं कितीतरी कार्यक्रम तेच नट तेच वादक एकाच रात्री दोनदा करायचे, एकदा पूर्वेसाठी आणि तीन तासांनी पुन्हा पश्चिमेसाठी. म्हणजे करणाऱ्यालाही एकच चान्स आणि ऐकणाऱ्यालाही. मग आपण काय म्हणून मध्ये मध्ये थांबवायचं? थांबवता येतं हे कळलं ना की कान आळशी होतात. हे माझं मत, तुला पटो न पटो.

आणि दुसरा नियम, स्पीड वाढवायचा नाही, खास तुझ्यासाठी आहे लका. तू मागं जॅक बेनी या तिकडच्या विनोदी नटाचा एपिसोड ऐकलास आणि मला लिहिलंस 'ओके ओके वाटलं'. नंतर कळलं की तू सगळंच दीडपट स्पीडनं ऐकतोस, पॉडकास्ट काय, बातम्या काय, उद्या कीर्तनही दीडपटीनं ऐकशील. अरे त्या माणसाचा सगळा धंदाच गप्प बसण्याचा! कार्यक्रमात तो महाचिक्कू म्हणून प्रसिद्ध. २८ मार्च १९४८ चा भाग आहे, तोही रविवारच, रस्त्यात चोर आडवा येतो आणि म्हणतो पैसे देतोस का जीव. आणि बेनी गप्प. काही नाही. नुसती शांतता, रेडिओवर! लोक हसायला लागतात, हसू वाढत जातं, चोर वैतागून पुन्हा विचारतो, तेव्हा हा चिडून म्हणतो, विचार करतोय ना! आता ही शांतता तू दीडपटीनं पळवल्यावर शिल्लक काय राहिलं, एक चोर आणि एक वाक्य. बाबांना मी हा भाग आधी काही न सांगता लावला, त्या गप्पपणात त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्पीकर बंद पडला वाटून, आणि मग पेटली ट्यूब.

रविवार हा तिकडं रेडिओचा मोठा वार होता. बेनी रविवारी सातला, त्याच्यानंतर आठला एडगर बर्गन. हा बर्गन म्हणजे बोलक्या बाहुलीवाला, आपल्या अर्धवटरावासारखा त्याचा चार्ली मॅकार्थी. रेडिओवर बोलकी बाहुली! ओठ हलले काय आणि न हलले काय, कुणाला दिसतंय, आणि तरी अख्खा देश ऐकायचा. ऑर्सन वेल्सनं मंगळावरचे लोक उतरले म्हणून जे नाटक केलं ना, ३० ऑक्टोबर १९३८, ते याच बर्गनच्या समोर, त्याच वेळेला दुसऱ्या नेटवर्कवर होतं. त्यामुळं बहुतेक लोक तर बाहुली ऐकत बसले होते, मंगळवाले कुणी ऐकतच नव्हतं फारसं. घाबरले काही जण, पण देशभर पळापळ झाली वगैरे जे आपण शाळेत ऐकलं ते बरंचसं पेपरवाल्यांनी फुगवलेलं, आता अभ्यासकही तेच म्हणतात. ऐकायला मात्र जबरी आहे, विशेषतः तो बातमीदार बोलता बोलता एकदम तुटतो तिथं. पोरगी चादरीत शिरली.

पोरीचं वेगळंच चाललंय. आवाज कसे काढायचे ते तिनं कुठूनतरी वाचलं. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, आगीला सेलोफेनचा कागद चुरगाळायचा, आणि बर्फात चालल्याचा आवाज पाहिजे तर कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबायची. झालं, आमच्या हिचा कॉर्नफ्लॉवरचा अख्खा पुडा रुमालात बांधला गेला. पण डोळे मिटून ऐक तू, करर्र करर्र, अगदी कुणीतरी जड बूट घालून येतंय असं वाटतं. सोलापूरच्या ४३ डिग्रीत आमच्या गच्चीवर बर्फ पडला, सांग कुणाला तरी. ही आधी ओरडली आणि मग स्वतःच दाबून बघत बसली.

जाहिराती आम्ही पुढं ढकलत नाही, उलट बाबांना त्याच आवडतात, बेनीच्या मागं आधी जेलीवाले मग सिगरेटवाले. बाबा म्हणाले म्हणजे आपली बिनाका गीतमालाच की. आणि मग सुरू झाले. केसकर नभोवाणी मंत्री झाल्यावर काही वर्षं आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच होती, म्हणून सगळे रेडिओ सिलोन लावायचे, बुधवारी रात्री आठला अमीन सायानी. आमच्या आजोबांकडं रेडिओ नव्हता, बाबा गल्लीतल्या हॉटेलाबाहेर उभं राहून ऐकायचे, चहा घेतला नाही तर हॉटेलवाला हाकलायचा म्हणून तिघांत एक कट घ्यायचा आणि तो गीतमाला संपेपर्यंत पुरवायचा. सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले त्या दिवशी बाबा संध्याकाळी जेवलेच नाहीत नीट. आणि आपले टेकाडे भावोजी! प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, आकाशवाणीवरची श्रुतिका 'पुन्हा प्रपंच'. बाबा तिघांचेही आवाज काढतात, मीनावहिनींचा तर फारच वाईट काढतात.

आता इथं माझं काम आहे तुझ्याकडं. अमेरिकेतलं एवढं सगळं उरलं कारण कार्यक्रमांच्या तबकड्या बनायच्या, कंपन्यांकडं राहायच्या, महायुद्धात तर परदेशातल्या सैनिकांसाठी जाहिराती काढून वेगळ्या तबकड्या पाठवायचे, आणि नंतर हौशी लोकांनी त्या जमवल्या. ३० सप्टेंबर १९६२ ला, पुन्हा रविवारच बघ, जॉनी डॉलर आणि सस्पेन्स हे दोन शेवटचे मोठे कार्यक्रम एकाच संध्याकाळी बंद झाले, तरी आज गच्चीवर वाजतायत. आपल्या श्रुतिकांचं तसं नाही, शोधायला गेलं की तुरळक काहीतरी हाताला लागतं. तुझे बार्शीचे मामा टेपरेकॉर्डर रेडिओला चिकटवून रेकॉर्ड करायचे, मध्ये त्यांच्या कोंबड्याचा आवाज यायचा, आठवतंय का? त्या कॅसेटी आहेत का विचार. टेप चिकटली असेल तर उगीच वाजवून बघू नका म्हणावं, तुटेल. मी येऊन घेऊन जातो, इथं नवी पेठेत एक जण आहे जुन्या टेपा उतरवून देणारा. कोंबड्यासकट चालेल.

दिवाळीनंतर ये, हुरड्याला नाही तर गड्ड्याच्या जत्रेला तरी ये. रविवार धरून ये म्हणजे झालं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बंड्या

ता. क. शेंगाचटणी ट्रॅव्हल्सनं पाठवलीय, उद्या सकाळी ड्रायव्हरचा फोन येईल, तो तरी उचल.