नोंदवहीवाल्या काकांना, उपवनच्या रविवारच्या बॅचकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आटोपली की आपल्या रनिंग क्लबच्या निकालांची नोंदवही दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं तुम्ही जाहीर केलंत. तुमच्यापुढे आग्रहाचा उपयोग नसतो, म्हणून निदान आभाराचं पत्र. ते सगळ्यांदेखत लिहितोय, कारण क्लबातल्या निम्म्या मंडळींचा अजून समज आहे की तुम्ही नुसती टायमिंगं उतरवून घेता.

रेसच्या रविवारी दुपारी ग्रुपवर मेडलचे फोटो पडायला लागतात. टाळ्या, फुलं, 'जबरदस्त दादा'. त्या गर्दीत तुमची एक ओळ येते: 'नेट की गन? बिब नंबर पाठवा.' (बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबरचा कागद.) नव्या माणसाला हे जरा कोरडं वाटतं. पण शर्यत सुटल्यापासून मोजला तो गन टाइम आणि आपला पाय स्टार्टच्या, चिप वाचणाऱ्या मॅटवर पडल्यापासून मोजला तो नेट टाइम. सीएसएमटीसमोर मागच्या सेक्शनमध्ये उभ्या असलेल्याला मॅटपर्यंत पोचायलाच कित्येक मिनिटं जातात. स्वतःची प्रगती बघायची तर नेटच धरायला हवा. उलट बऱ्याच शर्यतींत बक्षिसाचे नंबर गन टाइमवर लावतात, त्यामुळे पोडियमची आशा असलेल्याने गप्पा मारत मागे उभं राहून चालत नाही. एकाच धावण्याची ही दोन उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची शिस्त तुम्ही लावलीत.

चिपचंही तसंच. बिबच्या मागची ती पातळ पट्टी रेडिओ लहरींवर चालते. घामाने भिजलेल्या अंगाला ती घट्ट चिकटली, वर मोबाइलचा पाऊच आला किंवा बिब घडी घालून कमरेला लावलं, की मॅट तिला वाचेलच असं नाही. मग मधला एखादा स्प्लिट, म्हणजे टप्प्याची वेळ, गायब होतो आणि रस्ता पूर्ण धावलेल्या माणसावरही शॉर्टकटचा संशय येतो. 'छातीवर, चार कोपऱ्यांना चार पिना, वर विंडचीटर नाही' हे तुम्ही प्रत्येक रेसच्या आदल्या रात्री न चुकता पाठवता. आम्ही त्यावर अंगठा दाखवतो आणि त्यातले काही जण सकाळी दोनच पिना लावून येतात.

सगळ्यात जास्त वाद जीपीएस घड्याळांवरून झाले. 'माझ्या घड्याळात २१.३५ आलं, कोर्स लांब होता' ही तक्रार दर हाफनंतर, म्हणजे २१.०९७५ किमीच्या हाफ मॅरेथॉननंतर, असते. तुम्ही दरवेळी तेवढ्याच शांतपणे सांगता की प्रमाणित कोर्स मोजताना शक्य तितकी आखूड रेघ धरतात, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून. वर कोर्स चुकूनही आखूड भरू नये म्हणून हजारात एक एवढी भर घालतात, म्हणजे हाफला साधारण २१ मीटर आणि फुलला ४२. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे वळतो, पुढच्याला ओलांडतो, बाहेरच्या बाजूने वळण घेतो. त्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधून जाताना जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि घड्याळ नसलेले मीटरही मोजतं. हिशेब तुम्हीच वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला होता. हाफ दोन तासांत मारायची तर कागदावर किलोमीटरला ५:४१ मिनिटं लागतात. घड्याळ शेवटी २१.३५ दाखवणार असेल तर त्याच ५:४१ने येणारा माणूस २:०१:२०ला पोचतो. दोनच्या आत यायला घड्याळावर ५:३७ दिसायला हवं. म्हणून घड्याळाचा दर किलोमीटरला आपोआप पडणारा ऑटो लॅप बंद करून रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या पाटीला हाताने लॅप दाबायचा. या हंगामात जे पहिल्यांदा दोनच्या आत आले, त्यातल्या बऱ्याच जणांची तयारी आधीच झालेली होती. अडत होतं ते या चार सेकंदांपाशी.

आणि पेन्सिल! गल्लोगल्ली होणाऱ्या 'एकवीस किमी' रेसचं टायमिंग तुम्ही शाईने लिहीत नाही. घड्याळं सहसा जास्तच दाखवतात. त्यामुळे आपल्या पाच-सहा जणांची घड्याळं २०.६च्या आसपास थांबली, तर कोर्स आखूड होता यात शंका उरत नाही. ती नोंद पेन्सिलने होते आणि 'सर्वोत्तम' रकान्यात जात नाही. यावरून काही जण तुमच्यावर रुसले. आमच्या मते वहीची किंमत याच पेन्सिलीत आहे, कारण शाईने लिहिलेल्या आकड्याबद्दल मग कुणाला काही विचारावं लागत नाही.

ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या ट्रॅकवरही हाच काटेकोरपणा. प्रमाण ट्रॅकवर ४०० मीटर फक्त पहिल्या लेनमध्ये भरतात. तिसऱ्या लेनमध्ये एक फेरी जवळपास ४१४.७ मीटरची होते. गर्दी टाळायला तिसऱ्या लेनमधून साडेबारा फेऱ्या मारणारा पाच हजारांऐवजी सुमारे ५१८४ मीटर धावतो आणि आपण मंदावलो म्हणून घरी जाऊन खंतावतो.

पण खरे उपकार आहेत ते 'दुसरी अर्धी वजा पहिली अर्धी' या रकान्याचे. फुल मॅरेथॉनच्या निकालाचं त्याहून चांगलं एक्स-रे आम्हाला माहीत नाही. समजा एकाने पहिली अर्धी १:५८ला आणि दुसरी २:२४ला धावली, तर एकूण झाले ४:२२. दुसरीने २:०८ आणि २:११ केले, तर ४:१९. पंधराव्या किलोमीटरला दोघांना पाहणारा पैज पहिल्यावरच लावेल. मुंबईत हा रकाना फारच बोलका होतो. फुल पहाटे पाचला सुटते, सूर्योदय सव्वासातच्या सुमारास. म्हणजे सव्वाचार तास घेणाऱ्याची शेवटची दोन तासांची धाव उन्हात, दमटपणात होते आणि पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरनंतर समोर येतो. हवेतला दमटपणा घाम वाळू देत नाही, नाडी त्याच वेगाला वर चढत जाते. अंधारात फुकट मिळालेली मिनिटं तिथे व्याजासकट परत द्यावी लागतात. तुम्ही फरक दहा मिनिटांच्या वर गेला की लाल रेघ मारता आणि शेजारी त्या माणसाचा सर्वांत लांब सरावाचा आकडा लिहिता. लाल रेघांशेजारी २४, २५, २२ असे आकडे पानोपानी दिसायला लागल्यावर रविवारचे लाँग रन ३० ते ३२पर्यंत नेण्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

ज्यांनी शर्यत अर्धवट सोडली त्यांनाही वहीत पूर्ण ओळ मिळाली, हे विशेष. 'डीएनएफ, ३२ किमी, उलटी, फक्त साधं पाणी.' 'डीएनएफ, २७ किमी, पोटऱ्यांत गोळे, नवे बूट.' दुसरीकडे या ओळी लपवल्या जातात. इथे त्यांच्यामुळेच तुमच्या गाडीच्या डिकीत वजनकाटा आला. लाँग रनच्या आधी वजन, नंतर वजन; तेही बूट काढून, अंग पुसून आणि भिजलेला टी-शर्ट बदलून, कारण त्या टी-शर्टातच पाव किलो घाम असू शकतो. एक किलो घट म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो उतरलं की दोन टक्के गेले, पुढच्या वेळी पिण्याचं गणित बदलायचं. वजन वाढलं असेल तर मात्र तुम्ही जास्त गंभीर होता आणि ते बरोबरच आहे. गरजेपेक्षा जास्त साधं पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते प्रकरण पायांत गोळे येण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. एक लिटरची ओआरएसची पुडी दोनशे मिलीच्या बाटलीत कोंबून मळमळ ओढवून घेण्याची पद्धतही तुमच्याच काट्याशेजारी बंद झाली.

साताऱ्याची हिल हाफ वेगळ्या पानावर, लडाखची त्याहून वेगळ्या. साताऱ्याला आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग त्याच घाटाने मांड्यांवर दणके घेत उतरायचं. लेहला साडेअकरा हजार फुटांवर श्वासच पुरत नाही. तिथल्या वेळेची नवी मुंबईच्या सपाट पाम बीच रोडवरच्या वेळेशी तुलना करणाऱ्याला तुम्ही वहीला हात लावू देत नाही. वयाच्या हिशेबाचा रकाना तर आमच्यातल्या तरण्याबांड पोरांना अजून झोंबतो. वयानुसार वेळेची तुलना करणाऱ्या जागतिक मास्टर्स तक्त्याने टक्केवारी काढली की साठ वर्षांच्या काकूंची २:१५ची हाफ अठ्ठावीस वर्षांच्या पोराच्या १:४५च्या वर जाते. काकूंनी ते पान मोबाइलमध्ये टिपून ठेवलंय, आणि पोरगा सध्या इंटरव्हल चुकवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. निकालाच्या लिंका काही वर्षांनी उघडत नाहीत, म्हणून तुम्ही प्रत्येकाचं टायमिंग सर्टिफिकेट त्याच आठवड्यात उतरवून ठेवलंत. पुढच्या रेसचा अर्ज भरताना, पुढचा सेक्शन मिळवताना, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रा मॅरेथॉनच्या पात्रतेसाठी कागद जोडताना रात्री अकरा वाजता तुम्हालाच फोन गेले. त्याबद्दल आभार आणि माफी दोन्ही. अर्जातली जन्मतारीख आधारशी जुळवून घ्या, नाहीतर वयोगटच चुकतो, हेही तुम्हीच दरवेळी बजावलंत.

नवी वही आणली आहे, लेजर साइझची. रकाने तुमच्याच क्रमाने आखलेत. फक्त 'सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान' एकाऐवजी दोन रकान्यांत केलंय. ते चालेल का, हे बघून सांगा. मागच्या हाफच्या काही नोंदी मात्र अडल्या आहेत. एकाच्या १५ किमीच्या मॅटची नोंद नाही, एकीचा वयोगट चुकलाय, आणि एक जण २०.९ दाखवणाऱ्या घड्याळासकट शाईची मागणी करतोय. रविवारी पहाटे साडेपाचला उपवनच्या कट्ट्यावर या. काटा डिकीत असू द्या.

आपले नम्र,
रविवारच्या बॅचमधले सगळे
उपवन, ठाणे